फळीवरच्या मालाचा कर परत द्या

मुदत तीस दिवसांची आहे. आजपासून मोजावी.

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली. त्यांच्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत. उत्तर एकाचेही नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यातील किरकोळ दुकानदार. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. आठही तालुके. किराणा, कापड, जोडे-चपला, वह्या-पुस्तके, विजेची उपकरणे. वर्ध्याच्या कपडा लाइनपासून गावातल्या एका दाराच्या दुकानापर्यंत.

जीएसटी उतरला, याबद्दल आमची तक्रार नाही. हे आधी नोंदवून घ्यावे. साबण स्वस्त झाला, वही करमुक्त झाली, हे चांगले झाले. आमचीही मुले शाळेत जातात.

आमचा प्रश्न एकच आहे. दर बदलला त्या रात्री आमच्या फळीवर जो माल होता, त्यावर जुन्या दराने भरलेला कर कुठे आहे?

तो शासनाच्या तिजोरीत आहे. तो आमचा आहे.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झाले की दिवाळीपर्यंत जीएसटी उतरेल. त्या दिवसापासून गिऱ्हाईक थांबले. पोळा गेला. तान्हा पोळा गेला. गणपती बसले आणि उठले. लोक मोठ्या टीव्हीचा भाव विचारत आणि ‘उतरल्यावर येतो’ म्हणून परत जात. त्यांचे चुकले नाही. दुकानाचे भाडे मात्र थांबले नाही. नोकरांचे पगार थांबले नाहीत.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले. १७ सप्टेंबरला अधिसूचना निघाली. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. अधिसूचनेपासून अंमलापर्यंत पाच दिवस.

त्या पाच दिवसांत माल मोजायचा होता. बिलांची यंत्रणा बदलायची होती. नवे भाव लावायचे होते. दसरा-दिवाळीसाठी भरून ठेवलेला माल तोटा सोसून काढायची तयारी करायची होती.

आम्ही ते केले. दुकाने उघडी ठेवून केले.

यात सर्वांत खाली दबला तो कंपोझिशन योजनेतला दुकानदार. त्याचे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्याच्यासाठी कोणी बोललेले नाही.

वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी ही योजना आहे. खेड्यातले दुकान त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. हा दुकानदार उलाढालीवर एक टक्का कर स्वतःच्या खिशातून भरतो. गिऱ्हाइकाकडून त्याला कर घेता येत नाही. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही.

समजा, त्याच्याकडे लाख रुपयांचा माल होता. साबण, शाम्पू, केसांचे तेल, टूथपेस्ट. खरेदीत त्याने १८ टक्क्यांनी १८ हजार रुपये कर भरला. २२ सप्टेंबरनंतर तोच माल शेजारच्या दुकानात ५ टक्क्यांनी आला. तिथे कर ५ हजार. गिऱ्हाईक दोन भाव देत नाही. १३ हजार रुपये गेले.

हे १३ हजार त्याचा नफा नव्हता. शासनाने आधीच घेतलेला कर होता.

तो फरक त्याला कोणी द्यायचा? एकाही अधिसूचनेत उत्तर नाही. कंपनी वितरकाकडे बोट दाखवते. वितरक कंपनीकडे. शासन गप्प आहे. अशा दुकानात १३ हजार म्हणजे घर चालवण्याचा महिना असतो.

नियमित नोंदणी असलेल्यांची वाट वेगळी. शेवट तोच.

वही, पेन्सिल १२ टक्क्यांवरून आणि खोडरबर ५ टक्क्यांवरून शून्यावर आले. शाळेच्या हंगामातून उरलेल्या वह्यांवर घेतलेले कराच्या वजावटीचे क्रेडिट आता परत भरायचे. जीएसटी कायद्याचे कलम १८(४) तसे सांगते. वही करमुक्त झाली आणि तिचा जुना कर दुकानदाराच्या अंगावर पडला.

१८ वरून ५ वर आलेल्या मालाचे क्रेडिट खात्यात पडून आहे. परतावा मागितला की ३१ मार्च २०२० चे परिपत्रक पुढे येते. माल तोच आहे, केवळ दर उतरला आहे, म्हणून परतावा नाही, असे ते म्हणते. परिपत्रकाने घातलेली ही मर्यादा कायद्यापुढे टिकत नाही, असे गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. आम्ही तो निकाल वाचला आहे. शासनानेही वाचावा.

आमचे रिटर्न उशिरा गेले तर रोजचे ५० रुपये. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. शासनाकडून परतावा ६० दिवसांहून उशिरा आला तर ६ टक्के. खात्यात अडकलेल्या रकमेवर काहीच नाही.

दर उतरल्यावर ५४ वस्तूंच्या भावांचे अहवाल अधिकाऱ्यांकडून मागवले गेले. दुकानदार भाव उतरवतो की नाही, हे पाहण्यासाठी. भाव उतरवताना त्याचे किती गेले, याचा अहवाल कोणी मागवला नाही.

हे पहिल्यांदा घडलेले नाही.

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर आला. पीठ, गूळ, मुरमुरेही त्यात आले. तोवर नोंदणीकृत ब्रँड नसेल तर कर नव्हता. बाजारात २६ किलोची पोती आली. एकच तांदूळ, दोन वजने, दोन कर. गिऱ्हाइकाला हे समजावत बसलो ते आम्ही.

कापड आणि चपलांवर १ जानेवारी २०२२ पासून १२ टक्के लागणार होते. देशभरातून विरोध झाला. ३१ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे आदल्या दिवशी, कापडाची वाढ थांबवली गेली. चपलांची थांबली नाही. तो दर २०२५ मध्ये पुन्हा ५ वर आला, अडीच हजारांपर्यंतच्या जोड्यांसाठी. त्याच दिवशी अडीच हजारांवरचे तयार कपडे १२ वरून १८ वर गेले. लग्नसराईच्या तोंडावर.

कापडाच्या प्रकरणातून आम्ही एक गोष्ट शिकलो. शासन एका दिवसात ऐकू शकते.

शिल्लक मालावरच्या कराचा हिशेब करणे अवघड आहे, असे कोणी सांगू नये. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, तेव्हा याच राज्याने शिल्लक मालावर भरलेल्या विक्रीकराची वजावट दिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा त्यासाठी ट्रान-१ आणि ट्रान-२ हे फॉर्म निघाले. बिल हाती नसलेल्या मालावरही ठरावीक टक्क्यांनी क्रेडिट मिळाले. तेव्हा जमले. आता जमवावे लागेल.

पैसा नाही, असेही सांगू नये. कारखान्यांसाठी १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालू आहे. आधी विक्रीकरात सूट आणि स्थगिती होती. आज राज्य जीएसटीच्या हिशेबावर अनुदान आहे. कारखान्यांना द्यावे. आमची हरकत नाही. आम्ही तर सूटही मागत नाही. भरलेले परत मागतो.

हा विषय दिल्लीचा आहे, हे उत्तरही चालणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद २७९ क प्रमाणे परिषदेतील मतांचा दोन तृतीयांश भार राज्यांचा आहे. महाराष्ट्र त्या टेबलावर बसतो. जीएसटीचा निम्मा वाटा राज्य जीएसटी म्हणून महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो. त्या निम्म्यापुरते उत्तर मुंबईने द्यावे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला २२ सप्टेंबरच्या शिल्लक मालावरील कराचा फरक मिळावा. करमुक्त झालेल्या मालावरचे क्रेडिट परत मागू नये. दर उतरल्यामुळे अडकलेले क्रेडिट रोखीने परत करावे. आणि यापुढे दर बदलताना अधिसूचना आणि अंमल यांत साठ दिवसांचे अंतर ठेवावे. सूट देतानाही आणि सूट काढतानाही.

तीस दिवसांत यावर लेखी निर्णय आला नाही, तर पुढील गोष्टी होतील.

एकतिसाव्या दिवसापासून जिल्ह्यात खरेदी बंद होईल. दुकाने उघडी राहतील. शिल्लक माल विकला जाईल. औषध, दूध, धान्य यांना हात लागणार नाही. बाकी एकाही मालाची ऑर्डर जाणार नाही. कंपनीचा माणूस येईल आणि रिकाम्या वहीनिशी परत जाईल. जिथे खरेदी नाही तिथे बिल नाही. जिथे बिल नाही तिथे कर नाही.

प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागावर फलक लागेल. या दुकानाने शिल्लक मालावर किती कर भरला आणि किती परत मिळाला नाही, एवढेच त्यावर असेल. गिऱ्हाइकाने स्वतः वाचावे.

प्रत्येक दुकानदार परताव्याचा अर्ज वेगळा भरेल. नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर अपील होईल. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे.

कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमाला वर्गणी दिली जाणार नाही. कोणाच्याही स्वागताची कमान आमच्या खर्चाने उभी राहणार नाही.

आणि आम्ही कर बुडवणार नाही. एकही रिटर्न उशिरा जाणार नाही. आमच्याविरुद्ध काही सापडेल, या आशेवर कोणी राहू नये.

हे आम्ही करू शकतो का, असा प्रश्न कोणाला पडत असेल तर त्याने या जिल्ह्याचा इतिहास पाहावा. जमनालाल बजाज वर्ध्याचेच व्यापारी. त्यांनी १९२१ मध्ये रायबहादूर ही पदवी सरकारला परत केली. इंग्रजांनी हा देश सोडावा, असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ ला वर्ध्यातच केला. अलीकडचे पाहायचे असेल तर महापालिकांच्या शहरांतला स्थानिक संस्था कर पाहावा. व्यापारी वर्षानुवर्षे मागे हटले नाहीत. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीवरचा तो कर गेला.

चर्चेला आम्ही तयार आहोत. चर्चा वर्ध्यात होईल. तिचे इतिवृत्त लेखी राहील. ती २२ सप्टेंबरच्या मालाच्या याद्या समोर ठेवून होईल. याद्या तयार आहेत, तालुकावार.

आश्वासनावर मुदत वाढणार नाही.

एकतिसाव्या दिवसापासून ऑर्डर थांबवल्याची पत्रे सह्यांसह तयार आहेत. तिसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत निर्णय आला तर ती आमच्याकडेच राहतील. आला नाही तर त्याच रात्री वितरकांकडे जातील.