नको असलेले कॉल, संमतीचा पुरावा आणि वकिलांपुढील नवे क्षेत्र

समजा, म्हैसूरच्या देवराज अर्स रस्त्यावर तुमचे साड्यांचे दुकान आहे. दसरा तोंडावर आला आहे. जुन्या बिलांवरून तुमच्याकडे दोन हजार मोबाइल क्रमांक जमले आहेत. दुकानाच्या नेहमीच्या दहा आकडी क्रमांकावरून तुम्ही सवलतीचे एसएमएस पाठवायला सुरुवात करता. दहा दिवसांत पाच जण तक्रार करतात. दूरसंचार कंपनीच्या तपासणीत दोष सिद्ध झाला, तर त्या क्रमांकावरून बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते. म्हैसूरचा दसरा दहा दिवसांचा असतो. म्हणजे अख्खा हंगाम हातचा गेला.

तुम्ही कोणाला फसवलेले नाही. ग्राहकही तुमचेच होते. मग चूक कोणती? त्यांनी बिलासाठी क्रमांक दिला होता, जाहिरातीसाठी नाही. सध्याच्या नियमांचे सार या एका फरकात आहे आणि या विषयातल्या वकिलाचे कामही तिथूनच सुरू होते.

नियम कसे बदलत गेले?

नको असलेल्या व्यावसायिक कॉलविरुद्ध वकील हर्ष पाठक यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २००७ मध्ये पहिले विनियम आणले आणि ‘डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. २०१० मध्ये ते विनियम बदलले. १९ जुलै २०१८ रोजी आजचे ‘दूरसंचार व्यावसायिक संदेश ग्राहक प्राधान्य विनियम’ अधिसूचित झाले आणि १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांत मोठी दुरुस्ती झाली.

सुरुवातीच्या काळात सगळा भार ग्राहकावर होता. नोंदणी त्यानेच करायची, तक्रारही त्यानेच करायची. २०१८ पासून हा भार पाठवणाऱ्याकडे सरकू लागला. तुम्ही कोण आहात, काय पाठवणार आहात आणि समोरच्याने होकार कधी दिला, हे आता पाठवणाऱ्याने दाखवायचे असते. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २८ मध्येही ठरावीक प्रकारच्या संदेशांसाठी पूर्वसंमतीची तरतूद आहे. ते कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे.

आज काय बंधनकारक आहे?

• व्यवसायाने दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर नोंदणी करायची. पाठवणाऱ्याचे नाव (हेडर) आणि संदेशाचा नमुना (टेम्प्लेट) आधी मंजूर करून घ्यायचा.

• जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आणि सेवा व व्यवहारांच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरायचे. व्यापारी बँकांना १६०० मालिकेकडे वळण्यासाठी ट्रायने १ जानेवारी २०२६ ही मुदत दिली होती.

• एसएमएसच्या हेडरशेवटी अक्षर असते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी संदेश.

• जाहिरातीच्या संदेशात नकार कळवण्याची सोय हवी. ग्राहकाने संमती काढून घेतली, तर ९० दिवस पुन्हा विचारता येत नाही.

• सुरू असलेल्या व्यवहारापुरती दिलेली संमती सात दिवसच टिकते.

• नोंदणी नसलेल्या प्रेषकाने पुन्हा नियम मोडला, तर त्याच्या सर्व दूरसंचार सुविधा एका वर्षासाठी तोडल्या जातात आणि त्याचे नाव काळ्या यादीत जाते.

दंड दूरसंचार कंपन्यांनाही आहे. अशा संदेशांची आकडेवारी चुकीची कळवली, तर पहिल्या वेळी २ लाख, दुसऱ्या वेळी ५ लाख आणि त्यानंतर प्रत्येक वेळी १० लाख रुपये भरावे लागतात.

वकिलाचे काम कुठे लागते?

पहिले काम सल्ल्याचे. म्हैसूरमधले योगवर्ग, होमस्टे, शिकवण्या, दवाखाने आणि नव्या सॉफ्टवेअर कंपन्या या सगळ्यांचे ग्राहक मोबाइलवरच असतात. बेंगळूरुबाहेर उद्योग वाढावेत म्हणून कर्नाटक ‘बियाँड बेंगळूरु’ हा कार्यक्रम राबवत आहे आणि त्यात म्हैसूरचाही समावेश आहे. अशा व्यवसायाचा अर्ज-नमुना वाचून ‘यातल्या कोणत्या चौकोनावर खूण केली म्हणजे जाहिरातीला होकार ठरतो?’ हे सांगणे, टेलिमार्केटिंग एजन्सीशी होणाऱ्या करारात चुकीची जबाबदारी कोणाची हे लिहिणे आणि संमतीच्या नोंदी तपासणे ही सगळी वकिलाची कामे आहेत. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील, त्यामुळे हे काम वाढणारच आहे.

दुसरे काम ग्राहकाच्या बाजूचे. ट्राय व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करत नाही. दूरसंचार विवाद न्यायाधिकरण (टीडीसॅट) २००० मध्ये स्थापन झाले, पण एकट्या ग्राहकाची तक्रार तिथे चालत नाही. ती ग्राहक आयोगाकडे नेता येते. दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या आयोगात जाता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले, तरी म्हैसूरच्या रहिवाशाला म्हैसूरच्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते.

तिसरे काम धोरणाचे. त्याकडे लहान शहरांतले वकील सहसा वळत नाहीत. ट्राय नियम करण्याआधी सल्लामसलत पत्र प्रसिद्ध करते आणि त्यावर कोणीही लेखी मत पाठवू शकतो. २०२५ च्या दुरुस्तीआधीही ऑगस्ट २०२४ मध्ये असे पत्र निघाले होते. ही प्रक्रिया नावापुरती नाही. कॉल मध्येच तुटल्यास भरपाई देण्याचा ट्रायचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला, त्यामागे मनमानी आणि पारदर्शकतेचा अभाव ही कारणे होती. लहान दुकानदाराला डीएलटी नोंदणीत कुठे अडते, हे दिल्लीतल्या कार्यालयापेक्षा त्याच्या गावच्या वकिलाला चांगले ठाऊक असते. ते लिहून कळवणे महत्त्वाचे आहे.

हा मार्ग निवडण्याआधी

तुम्ही विधी शाखेचे विद्यार्थी असाल, तर दोन नियम आधीच लक्षात घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. कंपनीत अनुपालन अधिकारी झालात, तर सनद स्थगित ठेवावी लागते. कोर्ट की कंपनी, हा निर्णय त्यामुळे विचारपूर्वक घ्या. दुसरे म्हणजे, नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. इतरांना टेलिमार्केटिंगचे नियम समजावणारा वकील स्वतःसाठी एकही जाहिरातीचा एसएमएस पाठवू शकत नाही. त्याचे नाव कामातूनच व्हावे लागते.

अभ्यासाची सुरुवात २०१८ च्या विनियमांचा मूळ मजकूर आणि त्याच्या दुरुस्त्या वाचून करा. नुसत्या बातम्यांवर विसंबू नका. मुदती आणि आकडे इथे वरचेवर बदलतात.

या नियमांच्या मर्यादा

हे विनियम मोबाइल जाळ्यावरील कॉल आणि एसएमएसना लागू आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांना नाहीत. त्यामुळे एसएमएसवर बंधने वाढली की जाहिरातदार तिकडे वळू शकतो. जुन्या कागदी संमती खऱ्या आहेत का, हे तपासणेही अवघड आहे. म्हणून संमती डिजिटल पद्धतीने नोंदवण्याची व्यवस्था आणली जात आहे. त्यासाठीचे संदेश १२७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून येतात. होकार देण्याआधी तो मजकूर पूर्ण वाचा.

तुम्ही आजच काय करू शकता?

• १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर तुमची पसंती नोंदवा. सगळे बंद न करता बँक, शिक्षण, आरोग्य असे प्रकार निवडता येतात.

• नको असलेला कॉल किंवा एसएमएस आल्यास सात दिवसांच्या आत तक्रार करा. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. नोंदणी नसलेल्या प्रेषकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी पसंती नोंदवलेली असण्याची गरज नाही.

• फसवणुकीचा संशय असल्यास ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ सुविधेत कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संशयास्पद संदेशही तिथे कळवता येतो.

• पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० वर फोन करा.

• तुम्ही व्यावसायिक असाल, तर पुढच्या सणाआधी तुमच्या यादीतल्या प्रत्येक क्रमांकासमोर तीन गोष्टी लिहा: संमती कधी मिळाली, कशी मिळाली, कशासाठी मिळाली. ज्या क्रमांकासमोर रकाना रिकामा राहील, त्याला जाहिरात पाठवू नका.