चौथा आवाज

शनिवार सकाळ. हातात चहा, कानात 'बर्डलँड' आणि डोक्यात... ऑफिस. असो.

१९७२ साली न्यूयॉर्कमध्ये टिम हाउझर नावाचा गायक टॅक्सी चालवत होता. त्याचा 'मॅनहॅटन ट्रान्सफर' नावाचा ग्रुप एक अल्बम काढून फुटलेला. एके दिवशी टॅक्सीत बसलेली मुलगी गाणारी निघाली, लॉरेल मॅसे! मग जॅनिस सीगल भेटली, अ‍ॅलन पॉल आला आणि त्याच नावाने नवी चौकडी उभी राहिली. आपल्याकडे कोरस म्हणजे मुख्य गायकामागचं आ-आ. इथे मागे कुणीच नाही. चौघं एकाच वेळी चार वेगळे सूर लावतात. एक हलला की सगळंच बेसूर.

१९७८ मध्ये मॅसेला मोठा कार अपघात झाला आणि तिने ग्रुप सोडला. १९७९ मध्ये शेरिल बेंटीन आली. आता संपलं, असंच वाटेल ना? त्याच वर्षी 'एक्स्टेन्शन्स' अल्बम आला. त्यात हे 'बर्डलँड'. मूळ वेदर रिपोर्टची वाद्यरचना. जॉन हेंड्रिक्सने तिला शब्द दिले, सीगलने ती चार गळ्यांत वाटली. ग्रुपला ग्रॅमी मिळालं, सीगलच्या अरेंजमेंटलाही.

माझ्या मते यातली खरी गोष्ट ही की जुनी गेल्यावर ते जुनंच घोळवत बसले नाहीत. नवीन माणूस आल्यावर नवीन गाणं उचललं.

आणि आम्ही? मार्चमध्ये आमच्या टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस गेला. त्याच्या जागी एक मुलगी आली. आम्ही तिला 'रिप्लेसमेंट'च म्हणायचो, तिच्या तोंडावर! तिच्या प्रत्येक कोड रिव्ह्यूवर माझी कॉमेंट ठरलेली, "तो असं करत नसे." पहिल्या महिन्यात ती खूप प्रश्न विचारायची. आता मीटिंगमध्ये गप्प असते. शुक्रवारी तिच्या स्क्रीनवर नोकरीची साइट उघडी दिसली.

चूक तिची नाहीये राव. आम्ही तिला सूर दिलाच नाही, दुसऱ्याची नक्कल करायला सांगितलं.

२०१४ मध्ये हाउझर गेला. त्याने उभा केलेला ग्रुप त्यानंतरही डिसेंबर २०२३ पर्यंत गात राहिला. माणूस गेल्यावर टीम मोडत नाही. नव्याला ऐकायचं बंद केलं की मोडते.

सोमवारी तिला विचारणार आहे, "तू हे कसं केलं असतंस?" उशीर झाला नसेल, अशी आशा.