बसलेल्या आवाजाचे कौतुक

आपल्याकडे एखाद्याचा आवाज बसला की त्याचे कौतुक होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो खरा कार्यकर्ता. निवडणुकीत ज्याचा घसा गेला तो निष्ठावान. रात्रभर भजन करून सकाळी खुणांनी चहा मागणारे बुवा म्हणजे तर भक्तीची कमाल! ‘घसा फाटेस्तोवर’ हे शब्द आपण शाबासकीच्या सुरात वापरतो. पखवाज वाजवताना एखाद्याचे बोट मोडले तर कोणी त्याची पाठ थोपटत नाही, आधी डॉक्टरकडे नेतात. गळ्याच्या बाबतीत मात्र इजा हेच भूषण. मला हे कौतुक घातक वाटते, आणि आमच्या उमरोळी परिसरात ते जरा जास्तच आहे.

गळ्यात नेमके काय घडते ते आधी पाहू. स्वरतंतू म्हणतात खरे, पण त्या तारा नव्हेत. दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन मऊ, ओल्या घड्या असतात. खालून श्वास आला की त्या एकमेकींवर आपटतात आणि त्यातून आवाज उमटतो. पुरुष साधे बोलतो तेव्हा त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आपटतात, बाई बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. टाळ्या वाजवून हात लाल होतात, सतत कुदळ धरून घट्टे पडतात. तसेच इथेही होते. आधी सूज येते. ती न जुमानता ओरडत राहिले की दोन्ही घड्यांवर समोरासमोर गाठी धरतात. त्यांना गायकांच्या गाठी म्हणतात, शिक्षकांच्या गाठी म्हणतात आणि ओरडणाऱ्यांच्याही म्हणतात. तिघांचा धंदा वेगळा, दुखणे एकच.

आता आमचे बुवा काय करतात ते पाहा. आमच्याकडे भजनी मंडळाची प्रतिष्ठा पट्टीवर मोजतात. ‘आमचे बुवा काळी चारमध्ये गातात’ हे वाक्य, ‘आमच्या मुलाला नव्वद टक्के मिळाले’ या थाटात सांगितले जाते. काळी चारला षड्ज धरला तर तार षड्जाला त्या दोन घड्या सेकंदाला चारशे पंधरा वेळा आपटतात. हेच भजन काळी दोनमध्ये घेतले तर सुमारे तीनशे अकरा. म्हणजे प्रत्येक सेकंदाला शंभरेक तडाखे कमी. चार तासांच्या भजनात किती होतात हा हिशोब पाचवीतल्या मुलालाही करता येईल. ज्याचा गळा जन्मतःच उंच पट्टीचा आहे त्याने खुशाल तिथे गावे. परंतु डबलबारीत समोरचा वर गेला म्हणून आपणही वर जायचे, ही गाण्याची रीत नव्हे, कुस्तीची झाली.

त्यात गाडीतले भजन. पूर्वी शटल आणि पॅसेंजरला होते, २०१३ पासून डहाणू लोकल आली, तिच्यातही सुरू झाले. मला ते आवडते. पालघर सुटले की टाळ निघतात आणि विरारपर्यंत उभे राहिल्याचे भान राहत नाही. पण चाकांचा खडखडाट, उघड्या दारातला वारा आणि शेजारच्या रुळावरून सुसाट जाणारी एक्स्प्रेस यांच्यावर मात करून गायचे असते. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये दाखवून दिले की, भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. आपण किती जोर लावतो हे त्याचे त्याला कळतही नाही. गाडीतून उतरल्यावर घसा खवखवतो तेव्हाच कळते. मग बुवा खाकरतात. खाकरणे म्हणजे सुजलेल्या घड्या मुद्दाम एकमेकींवर घासणे. त्यापेक्षा पाण्याचा घोट घ्यावा. पाणी गिळताना स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जाते. पण शरीरात पाणी पुरेसे असेल तर त्या घड्यांवरचा ओलावा टिकतो.

हे मी बुवांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, “गुरुजी, देवाचे नाव मोठ्यानेच घ्यायचे असते.” यावर काय बोलणार?

याउलट एक गंमत सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा बोईसरला कारखान्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी एका मेटल बँडमध्ये गातो. गातो म्हणजे ओरडतो. मी एकदा ऐकले. अंगात आलेल्या माणसाने विहिरीत तोंड घालून हाका माराव्यात तसा तो प्रकार आहे. मला तो सोसला नाही आणि सोसला असे खोटे लिहिणारही नाही. पण त्याच्याशी बोलल्यावर मी चकित झालो. ओरडण्याआधी हा मुलगा वीस मिनिटे गळा तयार करतो. ओठ मिटून म्-म्-म् करतो, पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढत सूर लावतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या बाई असे ओरडणे सुरक्षितपणे कसे करावे हेच शिकवतात म्हणे. हा त्यांच्या चित्रफिती पाहून शिकला. त्याने मला समजावले की खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना तो ‘खोटे स्वरतंतू’ म्हणतो. ती घोगरी गुरगुर मुख्यतः त्या घड्यांच्या थरथरण्यातून येते. तिबेटी लामांचे ते अतिखोल मंत्रपठण आणि तुवा प्रांतातल्या गायकांचे कंठगान यांतही याच घड्या कामाला येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो प्रत्यक्षात फार मोठ्याने ओरडतच नाही. ध्वनिक्षेपक ओठांना चिकटवून धरतो, श्वास पोटाकडून सोडतो आणि उरलेले काम यंत्र करते. “दुखलं की चुकलं, लगेच थांबायचं,” असे तो म्हणाला. दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक दिवस पूर्ण सुटी. दारू-सिगारेट नाही, तीही केवळ गळ्यासाठी.

देवाचे नाव घेणारे आमचे बुवा तंबाखू मळत उंच पट्टी लावतात आणि सैतानासारखा ओरडणारा हा पोरगा गळ्याला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपतो. आता यातला साधक कोणाला म्हणावे?

खरे तर हे शास्त्र आपल्याला परके नाही. ओठ मिटून सूर धरणे, पहाटेची खर्जसाधना, ओंकार ही आपल्या गवयांची जुनी मेहनत. नळीतले बुडबुडे हा त्याच घराण्यातला व्यायाम. तोंड अर्धवट मिटले की हवेचा थोडा दाब परत फिरतो आणि घड्या एकमेकींवर कमी जोराने आपटतात. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा कीर्तनकार आणि नाटकातले नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचत, ते गळा ताणून नव्हे. मुरबे-सातपाटीकडून मासळी घेऊन येणाऱ्या मांगेल्यांच्या बायकांची हाक ऐका. शेवटचा स्वर लांबवलेला, तोंड मोठे उघडलेले, आवाज पुढे फेकलेला आणि दोन हाकांमध्ये चांगली वीस पावले शांतता. चाळीस वर्षे हाका मारूनही आवाज शाबूत असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आपल्या वारली पाड्यांवर लग्नात धवलेरी गाणी म्हणते तेही तसेच. बसून, बोलण्याच्या पट्टीत, सोबतीच्या बायकांच्या आधाराने. कोणाला हरवायचे नसते, त्यामुळे घाईही नसते.

मोठ्यांचे गळेही जातात बरे. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना तरुणपणी दरबारी नोकरीत इतके गावे लागले की आवाज गेला. परत आला तो पूर्वीचा नव्हता. मग त्यांनी आहे त्या आवाजाला शोभेल अशी गायकी घडवली. पुढे ते शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापूरला आले आणि त्या गायकीचे जयपूर-अत्रौली घराणे महाराष्ट्रात रुजले. त्याच घराण्याच्या किशोरी आमोणकरांचा आवाज ऐन पंचविशीच्या सुमारास गेला होता, जवळजवळ दोन वर्षे. त्या गप्प राहिल्या, उपचार घेतले, मनातल्या मनात गाण्याचा विचार करत राहिल्या. या दोन्ही हकिकती लोक ‘जिद्द’ म्हणून सांगतात. मला त्यात दुसरेच दिसते. खाँसाहेबांनी गेलेल्या आवाजाशी हट्ट केला नाही आणि किशोरीताईंनी थांबायचे तेव्हा थांबून दाखवले. आपल्याकडच्या बुवाला चार गुरुवार थांबायला सांगा, मंडळ दुसरा बुवा बघेल.

आणि शिक्षिकांना तर थांबायचीही सोय नाही. जगात जिथे जिथे पाहण्या झाल्या तिथे शिक्षकांत आवाजाच्या तक्रारी इतर नोकरदारांपेक्षा जास्त आढळल्या, त्यातही बायकांत अधिक. त्यांच्या स्वरतंतूंची लांबी कमी आणि कंपने जास्त, म्हणून मारही जास्त. साठ मुलांचा वर्ग, वर पत्रा, बाजूने रेल्वे, दिवसाचे सात तास. आमच्या वेळी प्रशिक्षणात फळ्यावरचे अक्षर, पाठाचे टाचण, प्रश्न विचारण्याचे कौशल्य सगळे घोटून घेतले. निरीक्षकाच्या तक्त्यात ‘आवाजातील चढउतार’ याला गुण होते, पण तो आवाज कुठून काढायचा हे शिकवणारा तास नव्हता. आज तासिका तत्त्वावर लागलेल्या मुली उमरोळी स्टेशनावर भेटतात. जानेवारीपर्यंत त्यांचे आवाज घोगरे झालेले असतात. एकीने सुटी मागितली तर “ताप आहे का?” असे विचारले गेले. ताप नव्हता. नुसता आवाज बसणे हे आजारपणात धरत नाहीत. तासिका बुडाली की पैसेही बुडतात, म्हणून ती कुजबुजत शिकवत राहिली. जोर लावून कुजबुजण्याने गळ्याला विश्रांती मिळते हा समज चुकीचा आहे, उलट ताणच पडतो. एक साधी घंटा, टाळीची ठरलेली खूण, गळ्यात अडकवायचा छोटा ध्वनिवर्धक एवढ्यानेही खूप फरक पडतो. १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो. (त्याच तारखेला १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेवढे आपल्या लक्षात असते.) मला वाटते शिक्षकांच्या असंख्य प्रशिक्षणांतला एक तास तरी या विषयाला द्यावा. फॉर्म भरण्याच्या प्रशिक्षणातला कापला तरी चालेल.

भर म्हणून आमची हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरले. वाऱ्याची दिशा फिरली की रात्री घसा चुरचुरतो. त्यावर औषध घसा बधिर करणाऱ्या गोळ्यांचे. गोळी चघळून गाणे म्हणजे बधिर पायाने पळणे. शिवाय भजन संपल्यावर रात्री एकला तिखट उसळ खाऊन आडवे झाले की पोटातले आम्ल घशाशी येते आणि सकाळी आवाज निघत नाही. दोष मात्र थंडीला.

आमच्या पट्ट्यातले एक बुवा होते, नाव लिहीत नाही. त्यांचा आवाज आठ महिने घोगरा होता. दुखत काही नव्हते. लोक म्हणत, बुवांचा आवाज आता पिकला. तंबाखू चालूच. श्वास अडू लागला तेव्हा परळला टाटा रुग्णालयात नेले. स्वरयंत्राचा कर्करोग. तो आधी कळला असता तर बहुधा किरणोपचारावर भागले असते आणि आवाजही राहिला असता, कारण स्वरतंतूंवरचा रोग घोगरेपणाने फार लवकर सूचना देतो. पण ती सूचना आम्ही सगळे कौतुकात ऐकत होतो. स्वरयंत्र काढावे लागले. आता मानेतल्या छिद्रातून श्वास घेतात, त्यावर बोट ठेवून चार शब्द बोलतात. भजनाला येतात, झांज वाजवतात.

तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीने गळा पाहून घ्यावा, तंबाखू खाणाऱ्याने तर हयगयच करू नये. काही मिनिटांचे काम असते. जेष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध जरूर घ्या, मीही घेतो, पण त्यांना तीन आठवड्यांपेक्षा जास्त मुदत देऊ नका.

आमच्या मंडळाने यंदा आषाढीपासून काळी चार सोडून काळी दोनला गायचे ठरवले आहे. दोन तरुण बुवांना तो अपमान वाटतो. मागे बसून ओळ उचलणारे म्हातारे खूश आहेत, कारण त्यांचाही सूर आता लागतो. पखवाजवाला तेवढा कुरकुरतो. खालच्या पट्टीचा पखवाज वसईहून आणावा लागेल म्हणतो, आणि त्याची वर्गणी अजून जमायची आहे.