चावी असताना पाना कशाला?



गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, धूळवाफ पेरणीची घाई चालू असताना, मी एका घरी आजारी आजींना भेटायला गेलो होतो. अंगणात जुना ट्रॅक्टर उभा होता. घरमालकांनी हाक मारताच कामावरचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा हातात पाना घेऊन आला. मागचे मोठे चाक आणि इंजिन यांच्यामधल्या जागेत तो वाकला आणि सेल्फच्या बोल्टांवर त्याने पाना टेकवला. ठिणग्या उडाल्या, इंजिन लागले आणि ट्रॅक्टर हातभर पुढे उडी मारून बंद पडला. तो गिअरमध्ये होता. मुलगा मागे कोसळला म्हणून वाचला.

मी विचारले, "हे असे किती दिवस चालले आहे?"

"दीड वर्ष झाले, फादर. चावीने सेल्फ लागत नाही. मग डायरेक्ट करतो. सवय झाली आहे."

या सवयीविषयीच आज लिहायचे आहे. आपल्या बेळगाव-खानापूर भागात जुने ट्रॅक्टर पुष्कळ आहेत, आणि जुन्या यंत्राला दुखणी असणारच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण मोडलेली चावी तशीच ठेवून रोज एका माणसाला चाकासमोर वाकायला लावणे, ही काटकसर नव्हे. माझ्या मते तो अन्याय आहे.

धोका कोठे आहे तो आधी समजून घ्या. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. चावी बंद असली की ठिणगी नाही आणि इंजिनही लागत नाही. आपल्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन वेगळे. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. ठिणगीचे काम नाही. म्हणून ज्या जुन्या ट्रॅक्टरला हाताने ओढायचा स्टॉपर आहे, त्याचे इंजिन चावी बंद असली तरी सेल्फ फिरताच लागू शकते. काही ट्रॅक्टरना गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय किंवा क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा स्विच असतो. पाना टेकवला की तोही निकामी ठरतो. मग गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर चालू लागतो, आणि त्याच्या वाटेत पहिला उभा असतो तो पानेवाला. ब्रेक दाबायला सीटवर कोणी नसते.

आता या रोगाचे निदान पाहू. ते वाटते तितके अवघड नाही. पाना टेकवून सेल्फ जोरात फिरतो, याचा अर्थ बॅटरी, जाड केबल, अर्थ आणि सेल्फची मोटर ठीक आहेत. म्हणजे खर्चाच्या वस्तू शाबूत आहेत! दोष उरतो तो चावीचा स्विच, बारीक वायर, फ्यूज, गिअरचा किंवा क्लचचा स्विच, फार तर सोलेनॉइड यांत. यातले बरेचसे काम थोड्या खर्चात होते. तरीही लोक आधी नवी बॅटरी आणतात, आणि तीही चार दिवसांनी गप्प बसते.

ज्यांचा सेल्फ कसाच लागत नाही, त्यांनी हेडलाइट लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून, सीटवर बसून चावी फिरवावी.

दिवा एकदम मंद झाला किंवा विझला, किंवा नुसते कटकट वाजू लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढला आहे. आधी अर्थची केबल काढावी, मग दुसरी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुवावेत, पण बॅटरीची बुचे घट्ट असू द्यावीत. सुकल्यावर घासून, व्हॅसलीन लावून घट्ट आवळावेत. अर्थ सर्वांत शेवटी जोडावी. चॅसीवर जेथे अर्थ बसते तेथला गंज आणि रंग खरवडून काढावा; पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. चार्ज करून रात्रभर ठेवलेली चांगली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली असे समजावे.

दिवा तसाच लख्ख राहिला आणि आवाजच आला नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही. चावी बंद करून सेल्फवर येणारी बारीक वायर सोडवावी. ती बारा व्होल्टच्या बल्बच्या एका टोकाला जोडावी आणि बल्बचे दुसरे टोक चॅसीच्या स्वच्छ लोखंडाला लावावे. मग सीटवर बसून चावी फिरवावी. बल्ब पेटला तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा सेल्फमध्ये. पेटला नाही तर चावी, फ्यूज, वायर किंवा सुरक्षेचा स्विच तपासावा. वायर सुटलेली असल्याने या तपासणीत सेल्फ फिरत नाही, म्हणून धोकाही नाही.

दिवा लख्ख आणि एकच "कट" असा आवाज आला, तर सोलेनॉइडचे पॉइंट किंवा सेल्फचे कार्बन मिस्त्रीला दाखवावेत.

आणि सेल्फ चांगला फिरूनही इंजिन लागत नसेल, तर विजेच्या मागे लागू नये. स्टॉपर ओढलेला राहिला आहे का, टाकीत डिझेल आहे का, फिल्टरमध्ये हवा धरली आहे का, हे पाहावे.

कोणी म्हणेल, "फादर, तुम्हाला सांगायला सोपे आहे. कारखान्याला उसाची ट्रॉली न्यायची असते, टोळी खोळंबलेली असते, मिस्त्री आठ-आठ दिवस येत नाही." अडचण खरी आहे, मी ती नाकारीत नाही. पण दीड वर्षात मिस्त्रीसाठी एकही दिवस मिळाला नाही, असे होत नाही. खरे कारण निराळे आहे. पाना टेकवायला मालक स्वतः जात नाहीत. तो मुलगा जातो. नाही म्हणण्याची त्याला सोय नसते, कारण संध्याकाळची मजुरी मालकाच्या हातात असते. आपल्या पोटच्या मुलाला आपण तेथे वाकू दिले असते का, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा असे आपण ऐकतो. अंगणात काम करणारा मुलगा हा आपला पहिला शेजारी होय.

ट्रॅक्टर उतारावर लावून ढकलून सुरू करण्याची खोडही अशीच. रात्री ब्रेक सुटला तर खाली कोणाचे घर आहे, ते पाहावे.

त्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्याच दिवशी मालकांनी मिस्त्री बोलावला. चावीच्या मागची वायर उंदराने कुरतडलेली निघाली. वायर बदलायला अर्धा तासही लागला नाही. दीड वर्ष ज्यासाठी एका मुलाचा जीव रोज टांगणीला लागला होता, ते काम एवढेच होते.

पेरणीच्या आधी आपापला ट्रॅक्टर तपासून घ्या. आणि पाना पेटीत ठेवा. त्याची जागा तीच आहे.