मन नको म्हणते, पाय वळतात



दसऱ्यानंतर एरंडोलजवळच्या एका ओळखीच्या शेतकरी घरी जाणे झाले. कपाशीची पहिली वेचणी आटोपली होती. घरचे आबा ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांना दोन वर्षांपासून कंपवात आहे. हात मांडीवर ठेवला तरी बोटे चिमटीत गोळी वळावी तशी हलतात. उठायचे म्हटले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात.

चहा झाल्यावर वहिनींनी मनातले काढले. त्यांच्या मालकांना उन्हाळ्यात व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून आणले होते. चार महिने थेंब शिवला नाही. पहिला कापूस विकला, व्यापाऱ्याने रोख पैसे हातावर ठेवले, आणि मालक एस. टी. स्टँडवरून घरी येण्याऐवजी सरळ गुत्त्यावर गेले.

"पद्मालयाच्या गणपतीपुढे शपथ घेतली होती भाऊ. ही बेइमानी नाही तर काय?"

मालक खाली मान घालून बसले होते. एवढेच म्हणाले, "मन नही म्हने भाऊ, पन पाय तिकडेच वयतस."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होतो. कारण बापाचे पाय उचलत नाहीत आणि लेकाचे पाय नको तिकडे वळतात, या दोन्ही गोष्टींचा संबंध मेंदूतल्या एकाच रसायनाशी आहे. त्याचे नाव डोपामिन.

त्याचा शोध लागण्यात आपल्या मातीतल्या एका वनस्पतीचा वाटा आहे. सर्पगंधा आपले वैद्य पूर्वापार झोप न येण्यावर आणि वेडावर देत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली तिचा रक्तदाबावर होणारा गुण इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. 1952 साली तिच्यातले रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. पुढे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन सशांना दिले, तेव्हा ससे कान पाडून गोणपाटासारखे पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचले. शरीर यापासून डोपामिन तयार करते. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले! हे 1957 सालचे. कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आबांच्या मेंदूत डोपामिन करणाऱ्या पेशी हळूहळू मरत चालल्या आहेत. बऱ्याचशा पेशी गेल्यावरच थरथर दिसू लागते, म्हणून दुखणे उशिरा कळते. बाहेरून डोपामिन देऊन उपयोग नाही, कारण रक्तातून मेंदूत जाण्याच्या वेशीवर ते अडते. एल-डोपा मात्र आत जाते. आबांच्या गोळीत तेच आहे. आपल्या कुंपणावरच्या खाजकुहिलीच्या बियांतही ते असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 सालीच ते वेगळे करून दाखवले होते. पण म्हणून कोणी बिया कुटून म्हाताऱ्याला देऊ नयेत. बीत किती औषध आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि गोळीच्या जोडीला ते जास्त झाले तर घात होतो. चालू गोळीही मनाने एकदम बंद करू नये.

आता लेकाकडे वळू. वर्तमानपत्रांत डोपामिनला सुखाचे रसायन म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ संपवून पाहिले. उंदीर अन्नाजवळ जाईनात, उपाशी राहिले. पण गोड पाणी तोंडात घातले की चव मात्र पूर्वीसारखीच घेत. म्हणजे गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. डोपामिन हे ओढीचे रसायन आहे. जुन्या पिणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, आता मजा कसली, पण राहवत नाही.

ही ओढ दारूच्या घोटाआधीच सुरू होते. तुमची गाय पाहा. वासरू लावण्याआधीच, बादलीचा आवाज झाला की ती पान्हा सोडते. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. आधी फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. मग रसाआधी दिवा लावायची सवय केली, तेव्हा पेशी नुसत्या दिव्यालाच उसळू लागल्या. आणि दिवा लागून रस मिळाला नाही तर त्या नेहमीपेक्षाही मंदावत. आपल्या या भावासाठी खिशातल्या नोटा म्हणजे ती बादली होती आणि एस. टी. स्टँड म्हणजे तो दिवा. चार महिने तो घरी आणि शेतात राहिला, तेव्हा दिवाच लागला नव्हता.

रोजच्या दारूने आणखी एक होते. सदा पाणी मिळालेल्या पिकाची मुळे वरवर राहतात आणि एक पाळी चुकली की पीक माना टाकते. मेंदूचेही तसेच होते. दारूचा पूर येत राहिला की डोपामिन टिपणाऱ्या जागा कमी होतात. मग दारू सुटल्यावर लेकराचे हसू, चांगले पीक, कशातच गोडी वाटत नाही. हे भरून यायला महिने लागतात. तेवढे महिने घरात "आता तरी सुधारला का?" असे रोज विचारू नये. (तंबाखू मळत हे वाचणाऱ्यांनी हसू नये, तंबाखूतले निकोटिनही हीच वाट धरते.)

कोणाला वाटेल, ही सगळी पळवाट आहे, माणसाने मनावर घेतले पाहिजे. तर ऐका. कंपवाताच्या काही गोळ्या डोपामिनसारखे काम करतात. 2005 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा गोळ्या घेणाऱ्या 11 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना जुगाराचा नाद लागला होता, आणि गोळी कमी किंवा बंद केल्यावर अनेकांचा तो सुटला. म्हणून आबांसारखे रुग्ण अचानक सट्टा, लॉटरी किंवा वेडीवाकडी खरेदी करू लागले, तर भांडू नका, डॉक्टरांना सांगा.

मनावर घ्यायला हवेच, पण गुत्त्याच्या दारात उभे राहून नव्हे; वाट निवडतानाच. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 1986 साली सुरू केले. तिथे उपचारांत घरच्यांनाही धरतात आणि नंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व देतात. एकदा घसरला म्हणजे सगळे वाया गेले असे नाही. पुन्हा तपासणीला न्यावे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकाएकी दारू तोडू नका. झटके येतात, भास होतात, जीवही जातो. जळगावच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

वहिनींना हे सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पैसे बँकेतच जमा करायला सांगायचे?" मालक म्हणाले, "स्टँडवर मला उतरवूच नका. मागच्या रस्त्याने न्या."

तेवढ्यात खाटेवरून आबा बोलले, "पुढच्या बाजाराला मी जातो याच्यासोबत. मला भरभर चालवत नाही. त्यालाही माझ्याबरोबर सावकाश चालावं लागेल."