पूर आला की अभ्यास होतो, पण तो गावात परत येतो का?

वसई : पावसाळा तोंडावर आला की वसई-विरारमध्ये एकच विषय निघतो. यंदा पाणी कुठवर येणार? 2018 च्या जुलैमध्ये जे झालं ते अजून कुणी विसरलेलं नाही. 9 आणि 10 जुलैच्या पावसात रेल्वे रुळांवर पाणी आलं, लोकल बंद पडल्या, वीज गेली, मिठागरातले कामगार अडकून पडले. काही वसाहतींत तर पाऊस थांबल्यावरही पाणी हटेना.

त्यानंतर महापालिकेने एक पाऊल उचललं. आयआयटी मुंबई आणि नागपूरची नीरी या दोन संस्थांना कारणं शोधायला सांगितलं. एखाद्या शहराने आपल्या दुखण्यावर मोठ्या शिक्षणसंस्थेची मदत घ्यावी, असं आपल्याकडे क्वचितच घडतं. अभ्यास झाला. नाले साफ ठेवा, रुंद करा, पावसाचं पाणी थोपवायला धारण तलाव करा, अशा शिफारशी आल्या. तरी 2019 मध्ये आणि नंतरच्या पावसाळ्यांतही सखल भागांत पाणी भरलंच.

मग सहकार्य फसलं का? तसं म्हणता येणार नाही. ते अर्ध्यावर राहिलं, असं म्हणणं जास्त बरोबर.

वसईची बशी

वसईचा आकार एखाद्या बशीसारखा आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावरचं पाणी खाली येतं आणि रेल्वेमार्गाखालच्या मोऱ्यांतून पश्चिमेला जाऊ बघतं. त्याच वेळी भरती असेल तर खाडी ते पाणी घेत नाही. पूर्वी हे पाणी मिठागरात, भातशेतीत आणि पाणथळ जागेत थांबायचं, ओहोटी लागली की निघून जायचं. आता त्यातल्या बऱ्याच जागी भराव झाला, इमारती उभ्या राहिल्या. भरावाची जमीन उंच झाली की शेजारची जुनी वाडी आपोआप खोल होते. पाणी तिथेच जाणार.

हे गणित आयआयटीला कळतं तसं गास, भुईगाव, निर्मळ, आगाशीच्या शेतकऱ्यालाही कळतं. फरक एवढाच की संस्थेकडे मोजमाप आहे आणि शेतकऱ्याकडे पन्नास पावसाळ्यांची आठवण. दोन्ही एकत्र बसवली तरच काम होईल.

बावखलं कोण मोजणार?

पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये बावखलं आहेत. पावसाचं गोडं पाणी साठवणारे हे वाडीतले तळे. केळी, पानवेल, भाजी, फुलं यांना पाणी त्यातूनच मिळायचं. पाणी जमिनीत मुरायचं, विहिरी गोड राहायच्या आणि समुद्राचा खार मागे राहायचा. मोठ्या अभ्यासात ज्याला धारण तलाव म्हणतात, त्याचीच ही धाकटी भावंडं. पण कित्येक बावखलं राडारोडा टाकून बुजवली गेली. किती उरली, कुठे आहेत, कोणत्या सर्व्हे नंबरात आहेत, याची आळीनिहाय यादी करायला परदेशी तज्ज्ञ नको. सातबारा, मोबाईलचा नकाशा आणि गावातली दोन म्हातारी माणसं एवढं पुरे.

आणि हे काम करणारे हात वसईतच आहेत. वसई, विरार परिसरात वर्तक, गोन्सालो गार्सिया, विवा, विद्यावर्धिनी अशी महाविद्यालयं आहेत. ती सगळी मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास समाजकाम करायचं असतं, शिवाय 7 दिवसांचं शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला आणि समाजातल्या कामाला श्रेयांकही आहेत. म्हणजे वेळ आहे, मार्क आहेत, मुलं आहेत. नाही तो ठरवून दिलेला प्रश्न.

आज काय होतं? मुलं येतात, रस्ता झाडतात, पथनाट्य करतात, फोटो काढतात, मोबाईलवर फॉर्म भरून घेतात आणि जातात. फॉर्मचं पुढे काय झालं ते गावाला कळत नाही. पुढच्या वर्षी नवी तुकडी, पुन्हा तेच प्रश्न. मग गावकरीही कंटाळून दोन शब्दांत उत्तर देतो. यात मुलांचा दोष नाही.

इतरांनी काय केलं

राज्याने याचा विचार केलेला आहे. 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू झालं. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्याचेच पाणी, रस्ते, शेती असे प्रश्न अभ्यासावेत आणि प्रशासनाने त्या अभ्यासाचा उपयोग करावा, ही त्यामागची कल्पना. तिच्या मुळाशी आयआयटीचं 1985 पासूनचं सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी मोखाड्यातल्या टँकरच्या गावांच्या पाण्याचाही अभ्यास केलेला आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही.

कोल्हापूरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या आवारात तळी राखून पावसाचं पाणी साठवलं. 2019 च्या महापुरात शहराची पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि नळ बंद पडले, तेव्हा विद्यापीठाचं पाणी शहराच्या उपयोगी आलं. शहराने विद्यापीठाला जागा दिली, अडचणीत विद्यापीठाने शहराला पाणी दिलं. सहकार्य असं दिसतं.

मोजायला काय लागतं

वसईत सुरुवात लहानच करता येईल. पावसाळ्यात प्रत्येक सखल आळीतल्या एका विजेच्या खांबावर रंगाने फूट आखायचे. पाणी किती चढलं, किती वाजता, तेव्हा भरती होती की ओहोटी, हे लिहून ठेवायचं. चार पावसाळ्यांची अशी वही असेल तर कोणती मोरी अपुरी पडते ते कुणीही दाखवू शकेल.

उन्हाळ्यात विहिरी तपासायच्या. पाण्यातले क्षार दाखवणारं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतात. दर वैशाखात त्याच विहिरीचा आकडा वाढत असेल, तर खारं पाणी वाडीकडे सरकतंय हे समजून घ्यावं. बागायतदाराला हे पाच वर्षं आधी कळणं आणि केळ वाळल्यावर कळणं यात फार अंतर आहे.

उत्तर कोण देणार?

खरी गाठ पुढे आहे. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. महापालिकेत गेलेल्या गावांत ग्रामसभा राहिली नाही. 2020 पासून बराच काळ प्रशासकाचा कारभार होता, म्हणजे जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. अशा गावात अभ्यास परत आणायचा तरी कुणापुढे?

त्यासाठी प्रभाग समितीची कार्यालयं आहेत. महापालिका आणि महाविद्यालय यांच्यात लेखी करार व्हावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात. प्रश्न गावाला विचारून ठरवायचा. अहवाल मराठीत, दोन पानांत, नकाशासह प्रभाग कार्यालयात लावायचा. आणि प्रत्येक शिफारशीपुढे खातं आणि तारीख लिहायची; काम होणार नसेल तर का नाही, तेही.

यात महाविद्यालयांचाही फायदा आहे. लोकल बंद पडली की पालघर, डहाणूकडून येणारी मुलं वर्गात पोहोचत नाहीत, परीक्षा अडतात. पूर त्यांच्याही दारात आहे.

गावकऱ्यांचीही जबाबदारी आहे. बावखल बुजवणारा नेहमीच बाहेरचा नसतो. मुलं मोजायला येतील तेव्हा खरा आकडा सांगावा लागेल, आपल्या वाडीतला भरावही दाखवावा लागेल. मोठ्या संस्थेचा अहवाल तयार आहे. आता त्यातलं आपल्या आळीपुरतं पान कोणतं, हे प्रभाग कार्यालयात जाऊन विचारायची वेळ आहे. पहिला पाऊस पडायच्या आधी विचारलेलं बरं.