साडीगार्ड काढून टाका म्हणे

जुन्या मोटरसायकलींच्या मेळाव्यात नावनोंदणीचा जो कागद देतात, त्यात गाडीचा नंबर असतो, इंजिनाचा नंबर असतो, गाडी कोणत्या सालची ते असतं, चालवणाऱ्याचा रक्तगटसुद्धा असतो. मागे कोणी बसून आलंय का, हे विचारायला मात्र एक ओळ नसते. पुण्याला यंदा हा कागद मीच भरला, कारण आमच्या गृहस्थांच्या चष्म्यावर इतकं पाणी होतं की त्यांना कागदच दिसत नव्हता. म्हणजे भरणारी मी आणि कागदावर कुठेच नाही तीही मीच. गावाच्या रकान्यात 'अष्टमी' लिहायला घेतलं, तर मागून आवाज आला, "रोहा लिही गं, अष्टमी कोणाला कळणार?"

आम्हा अष्टमीकरांचं हे जुनं दुखणं. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला आम्ही. नगरपरिषद दोघांची मिळून, पाटीवर नावंही जोडीने. पण स्टेशन रोहा, एसटीची पाटी रोहा, कोकण रेल्वे सुरू होते तीही रोह्यापासून. पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले रोह्यात, दसऱ्यानंतर पोलीस सलामी देतात ती रोह्याच्या धावीर महाराजांना. अष्टमी आपली कायम रोह्याच्या मागच्या सीटवर. तेव्हा आजच्या लेखात मागे बसणाऱ्यांची बाजू जरा जास्तच घेतली गेली, तर वाचकांनी ते गावाच्या पाण्यावर घालावं.

मेळावा कसला, ते एकदाचं सांगून टाकते. जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा सण. फ्रांटिशेक यानेचेक या चेक गृहस्थाने 1929 मध्ये जावा काढली. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत ती 1961 पासून बनायला लागली, 1973 पासून तिचीच येझदी झाली आणि 1996 ला कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा नव्याने बाजारात आली, 2022 मध्ये येझदीही. पण जुनी गाडी ठेवणारे नवीकडे, लांबच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. किकचा दांडा तोच गिअरचा दांडा, दोन सायलेन्सर आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचं, ही या गाडीची ओळख. आमच्याकडे ते तेल खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजतात. कुठलं टोपण कुठल्या बाटलीचं, हे घरात फक्त मला माहीत आहे.

आता हा सण भर पावसात का, असं विचारू नका. मी विचारलं होतं. "दिवस ठरलेला आहे," असं उत्तर मिळालं. अशी उत्तरं आमच्या घरात पुरुषमंडळी देतात, तेव्हा बायकांनी पिशव्या भरायला घ्यायच्या असतात. शनिवारी सकाळी पेणचं जोडपं आलं, नागोठण्याचे भाऊजी आणि वहिनी आल्या. घावणे आणि चहा झाला. प्रत्येकाच्या बुटांवर दुधाच्या पिशव्या चढवून वर रबर लावण्यात अर्धा तास गेला. पेणच्या वहिनींचं माहेर आणि सासर दोन्ही गणपतीच्या कारखान्याचं. जुलै म्हणजे त्यांच्याकडे मरायला फुरसत नाही असा महिना. डोळ्यांची आखणी त्या करतात, आणि ते काम दुसऱ्याच्या हाती देववत नाही. तरी आल्या. का, तर म्हणे नवऱ्याला एकट्याला सोडलं तर तो रेनकोट डिकीत ठेवून भिजत जाईल.

पूल ओलांडून रोहा, मग कोलाड. कोलाडला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. 2011 पासून चाललेल्या त्या रुंदीकरणाबद्दल आज काही लिहिणार नाही. संपादकांनी त्या विषयाचा मला कोटा ठरवून दिलाय आणि यंदाचा जूनमध्येच संपला. पुढे सुतारवाडी, विळे आणि ताम्हिणी घाट. घाटात ढग रस्त्यावर उतरलेले, गाड्यांचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावून नाचणारी पोरं, आणि दर वळणावर कणीस. अशाच एका वळणावर येझदीने दोनदा ठसका दिला आणि ती गप्प झाली.

"प्लग," गृहस्थ म्हणाले. प्लग माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला. प्लगपाना माझ्या रेनकोटच्या खिशात. जुना प्लग काढला तर टोक तेलाने काळंकुट्ट. तो पॉलिशपेपरने घासून जपून ठेवायचा असतो, टाकायचा नसतो. नवा बसवताना त्या भोकात पावसाचा थेंब जाऊ नये म्हणून छत्री कोणाच्या डोक्यावर धरायची असते, तर इंजिनाच्या. मी भिजत होते, इंजिन कोरडं होतं. गाडी चालू झाल्यावर गृहस्थांनी टाकीवर दोन थापा मारून "शाब्बास" म्हटलं. मी इकडे तिकडे बघितलं. मला नव्हतं म्हटलेलं.

घाटातल्या त्या पाण्याची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. वर मुळशीला टाटांचं धरण आहे. त्या खोऱ्याचं पाणी खरं तर मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. शंभर वर्षांपूर्वी ते अडवलं, सेनापती बापटांच्या सत्याग्रहाला न जुमानता अडवलं, आणि बोगद्यातून, नळांतून भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. तिथून ते कुंडलिकेत येतं. कोलाडला शहरातली मंडळी हेल्मेट घालून रबरी होड्यांतून ओरडत जातात ते याच पाण्यावरून, आणि मग ते रोहा-अष्टमीच्या पुलाखालून समुद्राला मिळतं. म्हणजे मुळशीला ज्या पावसात आम्ही चिंब झालो, तो पाऊस दारात बसूनही कधी ना कधी भेटलाच असता. त्यासाठी येझदीवर बसायची काही गरज नव्हती. हे मी पौडला चहा पिताना बोलून दाखवलं. पेणच्या वहिनी इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. तिन्ही पुरुष त्या वेळी एका सायलेन्सरभोवती उकिडवे बसले होते.

रविवारी मेळावा. गाड्या मात्र सुंदर होत्या, हे कबूल. मरून रंगाच्या टाक्या, आरशासारखं क्रोम, बापाने घेतलेली गाडी लेकाने उभी केलेली. मी अगदी मन लावून बघत होते. तेवढ्यात एक जाणकार आमच्या गाडीशी आले. वाकून बघितलं, मागे गेले, पुन्हा वाकले. मग गृहस्थांना म्हणाले, "सगळं ओरिजनल ठेवलंय तुम्ही. फक्त ते साडीगार्ड काढून टाका. लाइन बिघडते गाडीची."

लाइन बिघडते! मागच्या चाकाशेजारी, डाव्या अंगाला, ती लोखंडी जाळी असते ना, तीच. आडवं बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लावलेली. त्या अख्ख्या मोटरसायकलवर माझ्यासाठी म्हणून केलेली वस्तू ती एकच. बाकी टाकी त्यांची, हँडल त्यांचं, घड्याळ त्यांचं, आवाज त्यांचा. सासूबाई याच जाळीच्या भरवशावर मांडीवर पाटीभर आंबे घेऊन बसायच्या. आता साडी नसेल, ओढणी आहे. ओढणी चाकात अडकून बाई पडल्याची बातमी याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन इंचात येते, आणि ती वाचून कोणाला गाडीची लाइन आठवत नाही.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम काढून बघा. मागे बसणाऱ्याला धरायला कायमची कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारी सोय हवी, असं त्यात लिहिलंय. दिल्लीत बसून कोणीतरी मागच्या सीटचा एवढा विचार केला, आणि आमच्या हौशी मंडळींना ती जाळी खुपते. मेळाव्यात मी आणि पेणच्या वहिनी रांगेने हिंडलो. जाळी काढून टाकलेल्या गाड्याच जास्त. बोल्टची भोकं मात्र तशीच, वर रंग मारलेली. वहिनींची नजर आखणीची, भोक लपत नाही त्यांच्यापासून. "म्हणजे होती, आणि काढली," प्रत्येक गाडीशी त्या एवढंच म्हणायच्या. गाडीच्या मालकाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

बक्षिसं झाली. सर्वात जुनी गाडी, सर्वात लांबून आलेली गाडी, सर्वात नेटकी गाडी. सर्वात लांबून मागे बसून आलेली बाई, असं बक्षीस नव्हतं. मी तसं सुचवलं, तेव्हा माइकवाल्या मुलाला वाटलं मी थट्टा करतेय.

येतानाचा प्रवास सांगत नाही. पाऊस तोच, फक्त समोरून.

बुधवारी दुपारी फोन वाजला. गृहस्थ कामावर, फोन मी घेतला. तेच जाणकार. बरंच आडवळण घेऊन मुद्द्यावर आले. तुमचं ते साडीगार्ड कंपनीचं आहे, मूळचं, आता बाजारात मिळत नाही, माझ्या एका गिऱ्हाइकाला हवंय, काढणारच आहात तर द्याल का? किंमत चांगली देतो म्हणाले. खरंच चांगली होती. मी म्हटलं, देते की. पण ते सुटं विकायचं नाही, त्याच्याबरोबर गाडीही न्यावी लागेल.

तर त्यांनी हो म्हटलंय. रविवारी बघायला येतायत. गृहस्थांना अजून सांगितलेलं नाही, ते हा लेख वाचतीलच.